कमरेला टब, टबात दोरी: फ्लाय फिशिंगची स्ट्रिपिंग बास्केट घरी कशी बनवावी

"अगं, भांडी घासायचा टब पोटाला बांधून कुठे निघालीस?" आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं. तिच्याकडे पुण्यात दुपारचे दोन वाजले होते, माझ्याकडे न्यू जर्सीत पहाटेचे साडेचार. टबचा पट्टा नीट बसतोय का ते मी आरशात बघत होते. मासे धरायला, म्हटलं. "टबात?" टबात मासा कधीच जात नाही. टबात जाते ती दोरी, आणि ती नीट पडावी म्हणून हा सगळा खटाटोप.

फ्लाय फिशिंग शिकायला लागलं की रॉड कुठला घ्यावा, रीळ कुठलं, फ्लाय (हुकावर बांधलेलं पिसांचं आमिष) कुठली हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दोरी सांभाळायची कशी, हे मात्र बहुतेकांना गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाला तिचे तीन वेढे पडल्यावरच कळतं. माझंही तसंच झालं. न्यू जर्सीतल्या सॅंडी हूक किनाऱ्याच्या वाळूत, समोर स्ट्राइप्ड बास मासे पाण्यावर उसळ्या मारत असताना, मी खाली वाकून पायातली दोरी आणि तिच्यात अडकलेलं शेवाळ सोडवत बसले होते. पलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या कमरेला एक राखाडी टब होता. त्यांनी त्या वेळात दोन मासे काढून परत सोडलेसुद्धा. त्याच संध्याकाळी मी टब आणला.

ओढून घेतलेली दोरी झेलणाऱ्या अशा टबाला स्ट्रिपिंग बास्केट म्हणतात. दुकानात तयार बास्केट मिळतात आणि त्या चांगल्या असतात. पण भांड्यांचा टब, नायलॉनचे झिप टाय (वायरी बांधायच्या दातेरी पट्ट्या) आणि एक पट्टा एवढ्यात घरी केलेली बास्केट तितकंच काम करते, आणि खर्च दहा-पंधरा डॉलरच्या आत राहतो. मुख्य म्हणजे ती आपल्या उंचीला, आपल्या हाताला बसेल अशी करता येते.

दोरी पायाशी का पडते

साध्या गळाला पुढे शिसं असतं. ते फेकलं की बारीक तंगूस त्याच्यामागून रिळातून सुटत जातो. फ्लाय फिशिंगमध्ये पिसं, केस आणि चमकीचे धागे हुकावर गुंडाळून केलेल्या फ्लायला फेकण्याजोगं वजन नसतं. वजन असतं ते दोरीला. दीडेक मिलिमीटर जाडीची, प्लास्टिकचं आवरण असलेली ही दोरी रॉडने मागे-पुढे झुलवून हवेत उलगडायची आणि तिच्या जोरावर फ्लाय पुढे न्यायची. दोऱ्यांना वजनाप्रमाणे नंबर असतात; आठ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं प्रमाणित वजन २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम असतं. हे तीस फूट हवेत झुलतात आणि शेवटच्या झटक्याला मागची सुटी दोरी स्वतःबरोबर ओढून नेतात.

सुटी दोरी येते कुठून? आधी हाताने ओढलेली असते ती. फ्लाय पाण्यात पडली की रिळाला हात लावायचा नाही. डाव्या हाताने दोरी वीतभर, हातभर अशी ओढत राहायची, म्हणजे फ्लाय घाबरलेल्या छोट्या माशासारखी पोहते. याला इंग्रजीत स्ट्रिपिंग म्हणतात. मला त्यासाठी आपला पतंगातला शब्द जास्त आवडतो: हापसणं. साठ फुटांवर फ्लाय टाकली तर मासा लागेपर्यंत किंवा पुन्हा फेकेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस फूट दोरी हापसून खाली येते.

गच्चीवर पतंग हापसून उतरवताना मांजाचा ढीग पायाशी पडतो, तेव्हा मोठा भाऊ काय ओरडतो ते आठवा. "ढिगाला हात लावू नको!" कारण मांजा ज्या क्रमाने पडला त्याच क्रमाने निवांत पडलेला असतो. शेवटी पडलेला वेढा सगळ्यात वर. ढील दिली की वरचा वेढा आधी उचलला जातो, मग त्याखालचा, आणि एकही गाठ न पडता सगळा मांजा वर जातो. धाकट्या बहिणीने त्यात पाय घातला की संपलं. (ती धाकटी बहीण मी.) दोरी आपणहून गुंतत नाही, तिला कोणीतरी हलवावं लागतं. समुद्रावर ते काम लाट करते, वारा करतो, शेवाळ करतं आणि आपले स्वतःचे पाय करतात. टब कसा असावा, खुंट्या किती, पट्टा कुठे, या पुढच्या प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावायची: याने पडलेली दोरी जागेवर राहील का?

टब कुठला घ्यावा

सिंकमध्ये ठेवून भांडी धुवायचा चौकोनी टब घ्या. साधारण १४ इंच लांब, १२ इंच रुंद, साडेपाच-सहा इंच खोल. याहून उथळ टबातून वारा दोरी उचलून बाहेर टाकतो. फार खोल घेतला तर हापसताना हात काठाला आपटतो आणि चालताना मांड्या. गोल टब घेऊ नका, तो पोटाशी टेकत नाही आणि चालताना फिरत राहतो.

प्लास्टिक कुठलं ते टबच्या बुडाशी असलेल्या त्रिकोणातल्या आकड्यावरून कळतं. २ किंवा ४ असेल तर उत्तम, ते पॉलिथिन आहे. थंडीतही ते लवचीक राहतं. ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, चालतं, पण कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं. ६ असेल तर परत ठेवा. माझा पहिला टब दिसायला फार सुंदर होता, काचेसारखा चकचकीत. मी आकडा बघितला नव्हता. नोव्हेंबरात एका सकाळी खडकावर टेकला आणि कोपऱ्यापासून बुडापर्यंत तडकला. टब दुकानातच दोन्ही हातांनी थोडा पिळून बघावा. कुरकुरला तर नको.

रंग फिका निवडा. बासच्या मागे लागलं की बरीचशी मासेमारी संधिप्रकाशात किंवा अंधारात होते, आणि पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी टबात दोरी कशी पडली आहे ते नुसत्या नजरेने कळतं. डोक्यावरचा दिवा लावला की आपले डोळे दिपतात आणि उथळ पाण्यातले मासे बिचकतात.

खुंट्या: इथे घाई नको

नुसता टबही उपयोगी आहेच. पण गुळगुळीत बुडावर दोरी प्रत्येक हालचालीबरोबर घसरते. तुम्ही फेकताना कंबर वळवता, टब वळतो, आतली दोरी एका कोपऱ्यात जाऊन गोळा होते, वरचा वेढा खालच्याखाली सरकतो. पुढच्या फेकीला टबातून दोरीऐवजी घरटंच्या घरटं वर उडतं आणि रॉडच्या पहिल्या कडीत अडकून बसतं. हे टाळण्यासाठी बुडातून वर उभ्या राहणाऱ्या खुंट्या लागतात. वेढे त्यांच्याभोवती पडतात आणि सरकत नाहीत.

साहित्य: ८ इंच लांबीचे जाडसर झिप टाय बावीस. ड्रिल आणि टायच्या शेपटीएवढ्या जाडीचं बिट. आधी टबच्या कोपऱ्यात एकच भोक पाडून टाय त्यातून जेमतेम जातो का बघा. भोक सैल झालं तर खुंटी डोलते.

टब वर निमुळता नसतो, खाली असतो. १४ बाय १२ चा टब बुडाशी साधारण १२ बाय १० भरतो. त्यावर मार्करने तीन ओळी आखा: पहिल्या ओळीत चार ठिपके, दुसरीत तीन, तिसरीत पुन्हा चार. ओळीतल्या दोन ठिपक्यांत तीन इंच, दोन ओळींत साडेतीन इंच, आणि कडेपासून दीड इंच. मधल्या ओळीचे ठिपके वरच्या-खालच्या ठिपक्यांच्या मध्ये येतील असे, रांगोळीत जसे आपण एकाआड एक देतो तसे. एकूण अकरा. कोणी वीस-वीस खुंट्या लावतात. मला ते जंगल वाटतं. तेवढ्या दाटीत दोरी खाली पोचतच नाही, खुंट्यांच्या टोकांवर लोंबकळत राहते.

टब पालथा घालून खाली लाकडी फळी ठेवा आणि भोकं पाडा. ड्रिल सावकाश चालवा, पॉलिथिन गरम होऊन बिटाला चिकटतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. आता टाय बाहेरच्या बाजूने आत घाला, म्हणजे त्याचं चौकोनी डोकं बुडाला बाहेरून टेकेल आणि शेपूट आत उभी राहील. ती तशीच राहावी म्हणून नवशिके गरम गोंद लावतात. मीही लावला होता. पॉलिथिनला गोंद धड धरत नाही आणि थंडीत गरम गोंद खपलीसारखा सुटून येतो. त्यापेक्षा ही युक्ती करा: दुसरा झिप टाय घेऊन त्याचं डोकं शेपटीपासून कापा आणि ते डोकं आतल्या बाजूने उभ्या शेपटीवर ओवून, नटबोल्टमधल्या नटासारखं खाली बुडापर्यंत दाबत आणा. करकर आवाज करत ते एकाच दिशेने सरकतं. सरकत नसेल तर उलटं धरलंय, फिरवा. बाहेर एक डोकं, आत एक डोकं, मध्ये टबचं बूड. खुंटी हलणार नाही. अकरा खुंट्यांना बावीस टाय लागतात ते यासाठी.

मग सगळ्या खुंट्या साडेतीन इंचांवर कापा. कापलेलं टोक सुरीसारखं धारदार असतं. बोट तर कापतंच, पण दोरीच्या आवरणावर चरे पाडतं, आणि ही दोरी स्वस्त नसते. टोकं कानशीने गोल करा. शेवटी गालावरून फिरवून बघा, टोचत नसेल तर झालं.

दुसरा प्रकार गवत कापायच्या यंत्रातल्या नायलॉनच्या दोऱ्याचा. साधारण २.४ मिलिमीटर जाडीचा दोरा घ्यायचा, जवळजवळ दोन भोकं पाडायची आणि त्यातून दोऱ्याची उलट्या यू-सारखी कमान आत तीन-साडेतीन इंच उभी करायची. खाली निघालेली टोकं लायटरने वितळवून चपटी केली की बाहेर निसटत नाहीत. हा दोरा गुंडाळीवर येतो म्हणून वाकडा असतो. कापलेले तुकडे गरम पाण्यात टाकून सरळ ओढून थंड करायचे. कमानीला टोक नसल्याने ती दोरीला जास्त माया लावते. माझा आत्ताचा टब याच प्रकारचा आहे. पण पहिला करणार असाल तर झिप टायच बरे, एका संध्याकाळी होतात आणि चुकलं तर बदलता येतात.

बुडाला हिरवळीसारखी पायपुसणी चिकटवायची पद्धतही दिसते. ती वाळू आणि पाणी धरून ठेवते आणि ती वाळू दोरीला लागते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पट्टा

टबची लांब बाजू पोटाकडे येणार. त्या बाजूला काठापासून इंचभर खाली, एकमेकांपासून सात-आठ इंचांवर दोन उभ्या खाचा हव्यात, पट्ट्याच्या रुंदीपेक्षा किंचित मोठ्या. खाच थेट सुरीने कापू नका. आधी तिच्या दोन्ही टोकांना गोल भोक पाडा आणि मग दोन भोकांमधलं प्लास्टिक कापा. चौकोनी कोपऱ्यातून चीर पुढे धावते, गोल भोकात थांबते. वर्षभर टिकवायचा असेल तर आतून जुन्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाची पट्टी लावून तिलाही तशाच खाचा पाडा. त्या जागी सगळा ताण येतो.

पट्टा दीड किंवा दोन इंच रुंदीचा, नायलॉनचा, आणि बक्कल प्रवासी बॅगेला असतं तसं दोन बाजूंनी दाबून सुटणारं. खूप जण लवचीक बंजी दोर बांधतात. तो सोपा आहे, पण त्याच्यावर टब पाळण्यासारखा झुलतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. शिवाय त्याचे लोखंडी हुक खाऱ्या पाण्यात महिनाभरात गंजतात.

बक्कलचा आग्रह सुरक्षेसाठी आहे. या मापाच्या टबात बारा-तेरा लिटर पाणी मावतं. लाट आत शिरली की क्षणात बारा-तेरा किलोचं ओझं पोटाला लटकतं, तेही तुम्ही ओल्या वाळूवर तोल सावरत असताना. एका हाताने बक्कल दाबून टब सोडून देता आला पाहिजे. वेडर (पाण्यात उतरायची, पाणी न शिरणारी विजार) घालत असाल तर त्याचा स्वतःचा पट्टा वेगळा आणि घट्ट बांधलेला हवा, पडल्यावर वेडरमध्ये पाणी भरू नये म्हणून. टबचा पट्टा त्याच्यावरून. दोन्ही कामं एकाच पट्ट्याकडे देऊ नका.

भोकं पाडावीत का

यावरून किनाऱ्यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो बुडाला भोकं हवीत, नाहीतर फेसाळ लाटांचं पाणी साचतं. दुसरा म्हणतो भोकं असली तर कमरेएवढ्या पाण्यात उतरल्यावर खालूनच पाणी वर येतं आणि दोरी टबात तरंगायला लागते. दोघंही खरं बोलतात, फक्त उभे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. उघड्या समुद्राच्या लाटांत गुडघ्यापर्यंतच उतरणार असाल तर चार कोपऱ्यांत आणि मध्ये दोन अशी पाव इंचाची सहा भोकं पाडा. रॅरिटन बेसारख्या शांत खाडीत खोल जाणार असाल तर पाडू नका आणि पाणी आलंच तर टब कलंडवून काढा. मी पाडलेली आहेत आणि मी गुडघ्यापलीकडे जात नाही. नवशिक्यांनीही जाऊ नये असं मला वाटतं. शरद ऋतूत बास बऱ्याचदा पायापाशीच्या खळग्यात, तुमच्या आणि लाटेच्या मधल्या पाण्यात येऊन खातात.

पहिल्यांदा दोरी भरताना

ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही आणि एक अख्खी पहाट वाया गेली.

रिळातून दोरी ओढून टबात सोडली की जे आधी बाहेर येतं, म्हणजे फ्लायकडचं टोक, ते तळाशी जातं. रिळाकडची दोरी वर राहते. आता फेकलं तर निसटायला हवी तळातली दोरी, पण तिच्यावर बाकी सगळं पडलेलं. ती वर येताना सगळ्या वेढ्यांना घेऊनच येते. म्हणून पहिली फेक ही मासे धरायची नसते. जमेल तशी, थोडी थोडी करून सगळी दोरी पाण्यात घालवा आणि मग हापसून परत टबात घ्या. आता क्रम उलटला: रिळाकडची तळाशी, फ्लायकडची वर. इथून पुढे प्रत्येक फेक सुरळीत. जागा बदलताना दोरी गुंडाळून घेतलीत तर नव्या जागी हे पुन्हा करायचं.

त्याच्याही आधी दोरी ताणून घ्या. रिळावर राहून तिला गोल वळणाची सवय लागते आणि ती स्प्रिंगसारखी पडते. टोक कुंपणाच्या खांबाला अडकवून पन्नास-साठ फूट दूर जा आणि अर्धा मिनिट बेताने ओढून धरा. दोन हातांत वावभर वावभर घेऊन ताणलं तरी चालतं. उष्ण प्रदेशासाठी केलेली दोरी थंड पाण्यात काडीसारखी ताठ होते आणि कितीही ताणली तरी वेटोळी सोडत नाही. थंड पाण्याची दोरी उन्हात लोळागोळा होते. मी सुट्टीत भारतात येताना बासची दोरी इथेच ठेवते. कोकणातल्या मे महिन्यात ती उकडलेल्या शेवयांसारखी टबाला चिकटेल.

आधी हिरवळीवर सराव

समुद्रावर जाण्याआधी दोन-तीन संध्याकाळी मैदानात घालवा. फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा. लोक बघतील, बघू दे.

टब बेंबीच्या जरा खाली, हात सरळ सोडल्यावर बोटं काठाच्या आत जातील इतक्या उंचीवर. फेकताना तो कमरेच्या बाजूला सरकवायचा आणि हापसताना पुढे घ्यायचा, किंवा कायम समोरच ठेवायचा, हे तुमच्या हातावर आहे. हापसताना दोरी टबात फेकू नका, हात टबात नेऊन सोडा. सुरुवातीला नजर खाली जाते. दोनशे वेळा केल्यावर जात नाही.

दोन्ही हातांनी हापसायची पद्धत टबाबरोबर फार सोयीची पडते. फ्लाय पाण्यात पडली की रॉडची मूठ काखेत दाबायची आणि विहिरीतून पोहरा काढताना दोर ओढतो तसं एकदा उजवा, एकदा डावा हात. दोरी थेट दोन हातांमधून टबात पडते, फ्लाय न थांबता पोहते. मासा लागला की रॉड वर उचलायचा मोह होतो. नको. हातातली दोरी जोरात मागे ओढा, हुक तिनेच बसतो. मग रॉड काखेतून काढा.

तरीही गुंता होणार. गुंता रॉडच्या कडीत अडकला की आधी झटका देणं बंद. झटक्याने साधा वेढा पक्की गाठ होतो. रॉड खाली करा, गुंत्याला सैल करा, हलवा, मोठे वेढे आधी बाहेर काढा. दहापैकी आठ वेळा ती गाठ नसतेच, एका वेढ्यात दुसरा नुसता शिरलेला असतो. केसांचा गुंता सोडवताना आई टोकाकडून सुरू करायची, तेच इथे.

चालताना दोरी टबात मोकळी ठेवू नका. चार पावलं असली तर एक हात वरून ठेवा, जास्त असली तर रिळात घ्या.

नदीवर आणि होडीत

ट्राउटच्या ओढ्यावर टब लागत नाही. तिथे वीस-तीस फुटांचंच काम असतं, तेवढी दोरी हातात वेढे घेऊन मावते. फक्त पहिला वेढा मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान असे घ्या. सारखे घेतले तर एकमेकांतून जातात. न्यूयॉर्कमधल्या कॅट्सकिल डोंगरातल्या नद्यांवर कोणी टब बांधून उतरलेला दिसला तर तो आमच्यासारखा समुद्रावरून आलेला समजावा.

होडीत गोष्ट निराळी. फ्लोरिडा कीज बेटांच्या उथळ पाण्यात टार्पन माशांसाठी पुढच्या फळीवर उभं राहतात तेव्हा दोरी फळीवर पडते आणि तिथली प्रत्येक खुंटी, कडी आणि बिजागरी तिला अडकवायला टपलेली असते. त्यासाठी उंच टोपली करतात. बागेतला पालापाचोळा भरायची, स्प्रिंगने उघडणारी, दोनेक फूट उंचीची कापडी टोपली घ्या. तिच्या तळाशी दोन-तीन किलो वजन ठेवा, वाळू भरून शिवलेली पिशवी सर्वांत चांगली, फळीवर चरा पाडत नाही आणि आवाजही करत नाही. टोपली उंच असल्याने तिला खुंट्यांची गरज नाही. ती नसेल तर जुन्या मासळीच्या जाळ्याचा बारीक विणीचा तुकडा ओला करून फळीवरच्या सगळ्या अडथळ्यांवर अंथरा. आणि होडीत अनवाणी उभे राहा. दोरीवर पाय पडला तर तळव्याला लगेच कळतं, बुटाला कळत नाही. उन्हाने तापलेली फळी मात्र आधी पाण्याने भिजवून घ्या.

सॅंडी हूकला येणार असाल तर

न्यू जर्सीत समुद्रावर मासेमारीसाठी सॉल्टवॉटर रजिस्ट्रीत नाव नोंदवावं लागतं. ते मोफत आहे, पण दरवर्षी करायचं. स्ट्राइप्ड बास दिवसाला एकच, आणि २०२४ च्या नियमाप्रमाणे २८ ते ३१ इंचांमधला असेल तरच ठेवता येतो. हे आकडे बदलत असतात, निघण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर बघा. वसंतात बास चेसापीक उपसागर आणि हडसन नदीकडून उत्तरेला जातात, सप्टेंबर ते नोव्हेंबरात लहान मेनहेडन माशांच्या थव्यांमागे परत येतात. टब शिकायला मी वसंत सुचवेन. शरदात मासे इतके जवळ उसळतात की शिकण्याचं भान राहत नाही, हात थरथरतात. वसंत-उन्हाळ्यात पायपिंग प्लोव्हर पक्ष्यांच्या घरट्यांसाठी किनाऱ्याचे काही भाग दोरी लावून बंद केलेले असतात, त्यांच्या बाहेरून जा.

पहिली फ्लाय म्हणून क्लाउझर मिनो घ्या. तिचे धातूचे डोळे जड असतात, त्यामुळे फेकताना डोक्याला लागतात. टोपी आणि चष्मा घालूनच. १७६४ सालचा दीपस्तंभ पाठीशी, समोर लांबवर मॅनहॅटनचे दिवे, आणि तुम्ही पोटाला टब बांधून उभे. फोटो काढणारे काढतात.

घरी आल्यावर

टब, पट्टा, बक्कल गोड्या पाण्याने धुवा. खुंट्यांच्या मुळाशी बसलेली वाळू जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढा. दोन-तीन फेऱ्यांनंतर दोरीही धुवायची. तिच्यावर मीठ आणि शेवाळाचा चिकट थर बसला की ती टबातून सरसर निघत नाही आणि तुम्ही उगाच खुंट्यांना दोष देता. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, दोरी त्यात वेटोळी करून दहा मिनिटं ठेवायची, मऊ फडक्यातून ओढून घ्यायची आणि साध्या पाण्यातून पुन्हा एकदा. फडकं किती काळं होतं ते पहिल्यांदा बघून धक्काच बसतो.

हे दोरीचं न्हाणं मी सिंकमधल्या टबात करते. त्याला खुंट्या नाहीत, भोकं नाहीत, त्यात फक्त भांडीच घासली जातात, आणि हे मी आईला कॉलवर कॅमेरा फिरवून दाखवलेलं आहे.